भिंतीकडची बाजू

तीर्थस्वरूप ताईस,

बारक्याचा दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन, पुसून आणि मग जोडून नमस्कार. (हात धुतल्याचं मुद्दाम लिहिलं, कारण माझं मागचं पत्र भावोजींनी चिमट्याने उचलून दोन दिवस उन्हात ठेवलं होतं असं तूच कळवलं होतंस. त्यांना सांग, मी पत्रं घरी बसून लिहितो, उंदरांच्या खोलीत नाही, आणि माझ्या उंदरांची तपासणी भावोजींपेक्षा जास्त वेळा होते.) तुझा गुडघा कसा आहे? तो जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तू दर पत्रात वेगळं लिहितेस, त्यामुळे मला नीट काळजीही करता येत नाही. एकदा काय ते ठरव. नवे दात डबीत ठेवले असशील तर तोंडात ठेव, त्याशिवाय सवय व्हायची नाही. भावोजींचा खोकला गेला असेल असं धरून चालतो. मी खुशाल आहे. या महिनाअखेर निवृत्त होतोय, त्यामुळे संस्थेने दिलेली खोली सोडावी लागेल, पण माझ्या राहण्याची सोय झाली आहे, त्याची तू मुळीच काळजी करू नकोस. हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे बाकीचं निवांत सांगता येईल.

ताई, तेहेतीस वर्षं मी नेमकं काय करतो हे तुला कधी धड सांगितलं नाही. उंदीर सांभाळतो एवढं तुला ठाऊक आहे. कशासाठी सांभाळतो हे सांगायची मला लाज वाटायची, आणि तूही कधी विचारलं नाहीस, बहुधा त्याच कारणाने. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं तेव्हा मी 'आरोग्याशी संबंधित काम आहे' असं मोघम सांगून मोकळा झालो, तर पुढे दोन वर्षं ते मला आपल्या पाठदुखीवर औषध विचारत राहिले. आता माझे केस पांढरे झाले, तुझेही झाले, तेव्हा स्पष्टच लिहितो. आमच्या खोलीत नर उंदरांच्या बाप होण्याच्या ताकदीचा अभ्यास चालतो. ती कशाने कमी होते, कशाने टिकते आणि एकदा गेली तर परत येते का, एवढाच विषय. (पत्र भावोजींना मोठ्याने वाचून दाखवत असशील तर इथे पाणी आणायच्या निमित्ताने ऊठ आणि उरलेलं आत जाऊन वाच.) हे सगळं आजच सांगायचं कारण असं की या हिवाळ्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. एका मुलीची दोन वर्षांची मेहनत त्या चुकीपायी पाण्यात जायची वेळ आली होती. आणि त्या चुकीचं मूळ शोधत गेलं की ते आपल्या मागच्या खोलीत, तुझ्यापाशी येऊन थांबतं. दोष तुझा नाही, घाबरू नकोस, पुढे वाच.

ही मुलगी म्हणजे आमच्याकडे अभ्यास करणाऱ्या बाई. वयाने माझ्या मुलीएवढ्या, म्हणजे मला मुलगी असती तर. त्यांचा प्रबंध अर्धा झालाय, म्हणून आम्ही सगळे त्यांच्या पाठीमागे त्यांना अर्ध्या डॉक्टरबाई म्हणतो. तोंडावर नुसतं बाई. त्या मला काका म्हणतात. कृश अंगाच्या, चष्मा सारखा नाकावर घसरलेला, आणि उंदीर उचलताना हात इतका हलका की उंदराला आपण उचलले गेलोय हे वर गेल्यावरच कळावं. (मला ही कला यायला चार वर्षं आणि दोन बोटांना टाके लागले होते.) त्यांच्या अभ्यासासाठी अठ्ठेचाळीस नर आणले. चाकांचे चार रॅक, एकेका रॅकवर बारा. प्लास्टिकमधून झिरपतं असं काहीतरी द्रव्य असतं, ते पहिल्या रॅकच्या पाण्यात थोडं, दुसऱ्याच्या जरा जास्त, तिसऱ्याच्या चांगलं सढळ हाताने. चौथ्या रॅकला काहीच नाही. नुसतं साधं पाणी. या चौथ्यांना कंट्रोलचा गट म्हणतात. त्यांनी काही न घेता धडधाकट राहायचं, म्हणजे मग बाकीच्यांचं किती बिघडलं हे त्यांच्याशी ताडून बघता येतं. सगळ्या अभ्यासाचा भार या रिकाम्या बसलेल्या बारा जणांवर.

आता माझा स्वभाव तुला माहीत आहे. पहिल्या तीन रॅकच्या बाटल्यांवर लाल, पिवळ्या, निळ्या चिठ्ठ्या. बाई त्यांच्यापाशी रोज उभ्या राहून काहीतरी टिपून घ्यायच्या. पाहुणे आले की त्याच रॅकपुढे घोळका. चौथ्याच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा कोरी. मला त्या बाराजणांची कणव यायला लागली. त्यात एक होता कानतुटक्या. लहानपणी भावंडांशी भांडताना याचा डावा कान अर्धा गेलेला. मी खोलीत शिरलो की हा जाळीपाशी येऊन उभा राहायचा आणि मी दुसऱ्या रॅककडे वळलो की पाठ फिरवून बसायचा, थेट तुझ्यासारखा. मग थंडी पडली. या वर्षी ती अशी पडली की सकाळी कुलूप उघडताना किल्लीने बोटं भाजल्यासारखी व्हायची. चौथा रॅक कोपऱ्यात, आणि त्याच्या मागच्या भिंतीपलीकडे आमचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे पिंजरे आणि बाटल्या वाफेने शुद्ध करायचं यंत्र, प्रेशर कुकरची थोरली बहीण. ते संध्याकाळी लावतात आणि मग ती भिंत सकाळपर्यंत उबदार राहते. मी एका संध्याकाळी तिथे सहज हात टेकला आणि ताई, मी पन्नास वर्षं मागे गेलो.

तुला आठवतं ना? आपली मागची खोली आणि तिच्या पलीकडे बेकरीची भट्टी. मी सहा वर्षांचा, तू बारा. हिवाळा आला की माझी छाती भरायची, रात्रभर घरघर चालायची आणि आई नुसती माझ्याकडे बघत बसायची. उपाय तू काढलास. भट्टी पेटली की तू तळहाताने सगळी भिंत इंच इंच चाचपायचीस आणि जिथे ऊब सगळ्यात जास्त तिथे खडूने चौकोन काढायचीस. त्या चौकोनात फक्त बारक्याची पाठ. दुसऱ्या कुणाची नाही. बाबा एकदा गंमत म्हणून तिथे टेकून बसले तर तू त्यांना हाताला धरून उठवलंस, आणि बाबा, ज्यांच्यापुढे गल्लीतली कुत्रीसुद्धा आवाज खाली करायची, निमूट उठले. अंथरूण घालताना भिंतीकडची बाजू माझी, मधे आई-बाबा, आणि दाराच्या फटीपाशी तू. त्या फटीतून वारा यायचा हे कळायला मला मोठं व्हावं लागलं. पावाचा वास भिंतीतून यायचा. सतराचा पाढा मी त्या चौकोनात बसून पाठ केला आणि आजही म्हणायला लागलो की मला आधी भूक लागते.

तेव्हा मी काय केलं असेल हे तुला कळलंच असेल. घरी निघताना मी चौथा रॅक हळूच मागे ढकलायला लागलो. पिंजऱ्यांची पाठ थेट भिंतीला. सकाळी झाडण्यासाठी सगळेच रॅक ओढावे लागतात, तेव्हा तो पुन्हा जागेवर. नियमाप्रमाणे रॅक भिंतीपासून हातभर लांब हवा, हे मला पाठ आहे, पण नियम लिहिणाऱ्यांनी ती भिंत कधी चाचपली नसणार असं मी मनाशी ठरवून टाकलं. आणि हो, मी आधी तळहाताने तपासून खडूने चौकोन काढला होता. सगळ्यात उबदार जागी कानतुटक्याचा पिंजरा. पहिल्याच सकाळी बघतो तर बाराही जण आपापल्या पिंजऱ्यात मागच्या बाजूला पाठ टेकून गाढ झोपलेले. मला इतका आनंद झाला की दिवसभर मी शीळ घालत होतो.

हिवाळा सरत आला तशी परीक्षेची वेळ आली. प्रत्येक नराला आठवडाभर एकेक मादी सोबतीला द्यायची आणि मग पिल्लं मोजायची. बाकी काही गुंतागुंत नाही. पहिल्या गटात बारापैकी दहा बाप झाले. दुसऱ्यात आठ. तिसऱ्यात, ज्यांच्या पाण्यात एवढं ओतलं होतं, सात. आणि आमचा चौथा गट, साधं पाणी, कोरी चिठ्ठी, निर्व्यसनी, त्यात दोन! बाई तीनदा मोजून आल्या. मग स्टुलावर बसल्या आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला. मीही बसलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. कंट्रोलच जर नापास झाला तर बाकीच्यांचे आकडे कशाशी ताडणार? काहीतरी तिसरंच त्या खोलीत घडतंय, ते सापडलं नाही तर दोन वर्षांचं काम फेकून द्यावं लागणार, असं त्यांनी मला समजावून सांगितलं.

मग शोध सुरू झाला आणि माझे हाल सुरू झाले. नर उंदराची ताकद कशाकशाने कमी होते याची बाईंनी यादी केली. ताई, ती यादी वाचून मला वाटलं, जगात उंदीर अजून शिल्लक आहेत हेच नवल. उजेड नको तेव्हा उजेड दिसला तर बिघडतं. म्हणून दाराच्या फटीला मी काळा कागद चिकटवला. आवाजाने बिघडतं. म्हणून माझा रेडिओ गेला, वर्षानुवर्षं दुपारच्या बातम्या ऐकलेला. शीळही बंद. खाण्याच्या गोळ्यांत सोयाबीन असतं, त्याने बिघडू शकतं, म्हणून गोळ्या बदलल्या. प्लास्टिकच्या बाटल्या जाऊन काचेच्या आल्या, त्यातल्या तीन मी पहिल्याच आठवड्यात फोडल्या. एका पिंजऱ्यात दोघं असतील आणि त्यातला एक दादागिरी करणारा असेल तर दबलेल्याचं बिघडतं, म्हणून सगळ्यांना एकेकटं केलं. माझ्या केसांच्या तेलाला वास येतो, तेल बंद. दाढीनंतर लावायचं बंद. शेवटी बाईंनी कुठल्याशा निबंधात वाचलं की उंदीर पुरुषाच्या नुसत्या वासानेही घाबरतात, बाईच्या वासाने घाबरत नाहीत. झालं. त्यांनी आपला जुना लोकरी कार्डिगन आणून दिला, फिकट पिवळा, फुलांच्या आकाराची बटणं, आणि अगदी संकोचून म्हणाल्या, "काका, खोलीत असताना हा घालाल का?" तेव्हापासून मी रोज तो घालूनच पिंजरे धूत होतो. गोळ्या घेऊन येणारा ट्रकवाला मला बघून पाठमोरा झाला आणि त्याचे खांदे किती तरी वेळ हलत होते. (मोठ्या साहेबांनी मात्र काही विचारलं नाही. ते माझ्याकडे बघून फक्त थंडी आहे खरी, एवढं बोलले.)

आणि या सगळ्या दिवसांत, हे लिहिताना मला स्वतःचीच कीव येते, मी रोज संध्याकाळी इमानेइतबारे चौथा रॅक भिंतीला ढकलत होतो. उलट आता ते नापास झाले, बिचाऱ्यांवर ठपका आला, म्हणून जास्तच प्रेमाने ढकलत होतो. खोलीचं तापमान मी रोज वहीत लिहितो. तापमापक दाराजवळ आहे आणि दाराजवळ रोज बावीस अंश असायचे, ते मी खरेखुरे लिहिले. त्या वहीत एक अक्षर खोटं नाही.

एका गुरुवारी दुपारी बाई चहा घेता घेता सहज बोलत होत्या. यादीतलं सगळं संपलं होतं. मीच विचारलं की बाई, निसर्गाने हे इतकं नाजूक प्रकरण करून ठेवलंय तर ते पोटात नीट झाकून का नाही ठेवलं, असं बाहेर उघड्यावर का? बाई जरा लाजल्या, पण शास्त्र शास्त्र असतं. म्हणाल्या, "थंड राहावं म्हणून, काका. बाकीच्या शरीरापेक्षा तिथे थोडी कमी उष्णता लागते. सतत ऊब लागली की बीज तयारच होत नाही." आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. ताई, मी कप भरलेलाच खाली ठेवला आणि उठून उभा राहिलो. बाईंना वाटलं मला विषयाचा संकोच वाटला. त्यांनी लगेच हवापाण्याच्या गोष्टी काढल्या.

त्या संध्याकाळी मी रॅक ढकलला नाही. घरी येऊन जेवलो नाही. खरं सांगायचं तर पुढचे तीन दिवस मी गप्प राहिलो, आणि त्या तीन दिवसांची मला आजही शरम वाटते. मनात हिशेब असा की आता रॅक लांबच ठेवायचा, काही दिवसांत ते आपोआप सुधारतील, कुणाला काही कळायला नको. तेहेतीस वर्षांत माझ्या नावावर एक तक्रार नाही. निवृत्तीला चार महिने राहिलेले. निरोपाच्या दिवशी साहेब तेच वाक्य बोलणार, एकही तक्रार नाही, आणि मी मान खाली घालून हसणार, हे सगळं मी कधीपासून डोक्यात बसवून ठेवलं होतं. खडूचा चौकोन ओल्या फडक्याने पुसायलाही गेलो होतो. फडकं भिंतीला लावलं आणि हात पुढे जाईना. तू काढलेला चौकोन पुसतोय असं वाटलं. फडकं पिळून परत बादलीत टाकलं.

सोमवारी साहेबांच्या खोलीत बैठक होती आणि मला हिवाळ्याच्या सगळ्या वह्या घेऊन बोलावलं होतं. साहेबांनी पानं उलटली. तापमान ठीक, खाणं ठीक, पाणी ठीक. मग वही मिटून ते बाईंना म्हणाले की नोंदी चोख आहेत, तेव्हा या उंदरांतच खोट दिसते, खोली बंद करावी आणि बाईंनी दुसरा विषय बघावा. बाईंनी मान हलवली. मग त्या वहीवरची धूळ बोटाने पुसत राहिल्या, आणि धूळ नव्हतीच, वह्या मी रोज पुसतो. माझ्या तोंडून निघून गेलं की साहेब, उंदीर चांगले आहेत, खोट माझ्यात आहे. मग मी सगळं सांगितलं. भट्टी, माझी छाती, तू, दाराची फट, सतराचा पाढा, सगळं. साहेबांना पाढ्याचा संबंध लागेना. मी दोघांना खोलीत नेलं, रॅक ओढला आणि चौकोन दाखवला. बाईंनी त्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं की किती वाजता ढकलत होतात, किती वाजता ओढत होतात, कुठल्या तारखेपासून. मी सांगत गेलो आणि त्या लिहीत गेल्या. नंतर चार दिवस आमच्यात फक्त बाटल्या आणि भुसा एवढंच बोलणं झालं. काका म्हणणंही बंद. पाचव्या दिवशी त्या आल्या, स्टूल माझ्यापाशी ओढलं आणि म्हणाल्या, "काका, ऊब काढून घेतली की हे बरे होतात, साधारण आठ आठवड्यांनी. झाले तर माझं काम वाचेल. तेवढे दिवस त्यांना कोण सांभाळणार?" मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, "तेच विचारायला आले होते." माझा जीव भांड्यात पडला, आणि मी उगाचच फडकं घेऊन स्वच्छ खिडकी पुसायला लागलो.

त्या आठ आठवड्यांत मी एक गोष्ट बाईंना विचारली आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुझी भावजय जाऊन सहा वर्षं झाली. आम्हाला मूल झालं नाही. डॉक्टरांनी दोघांनाही काही दोष नाही असं सांगितलं होतं आणि आम्ही तो विषय सोडून दिला होता. पण चौथा रॅक बघून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मी तर सहा हिवाळे त्या चौकोनात काढले होते. भिंतीवर ठपका यायला माझी हरकत नव्हती, पण भिंतीवर आला की तो तुझ्यावर येणार. तू मला तिथे निजवलंस आणि स्वतः वाऱ्यात निजलीस, आणि त्याचं असं काही निघावं हे मला सहनच होत नव्हतं. म्हणून भीत भीत विचारलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि नीट सांगितलं की लहानपणच्या त्या उबेचा याच्याशी काही संबंध नाही, बीज तयार व्हायला लागतं ते फार नंतर, आणि झालं असतं नुकसान तरी दोन-तीन महिन्यांत भरून आलं असतं. मग म्हणाल्या की त्या भिंतीने तुमचं काही केलं असेल तर एवढंच, की तुम्ही जगलात. मी मान वळवली, कारण अंगात तो फुलांच्या बटणांचा कार्डिगन होता आणि त्यात रडताना कुणी बघितलं असतं तर ट्रकवाल्याने अख्ख्या गावाला सांगितलं असतं.

आठ आठवडे झाले. पुन्हा माद्या, पुन्हा वाट बघणं, पुन्हा मोजणी. या वेळी मला मोजायला सांगितलं. बारापैकी नऊ! दोनाचे नऊ. साहेबांनी बाईंना आणखी चार महिने दिले आणि प्रबंधात एक नवं प्रकरण निघालं, उबेचं. त्यात 'काळजीवाहकाने सद्हेतूने केलेला हस्तक्षेप' असे शब्द आहेत. तो काळजीवाहक म्हणजे मी. (मी ते पान मागून घेतलं आहे.) जे तिघे दुसऱ्यांदाही नापास झाले त्यांत कानतुटक्या होता. नापासांना ठेवत नाहीत, तेव्हा साहेबांची सही घेऊन मी त्याला घरी आणलं. परवा निरोपसमारंभ झाला. एकही तक्रार नाही हे वाक्य साहेबांनी गाळलं, आणि त्याच्याऐवजी म्हणाले की यांनी आपली तक्रार स्वतःच आणून दिली. टाळ्या वाजल्या. बाईंनी कागदात गुंडाळून काहीतरी दिलं. घरी येऊन उघडलं, तर तो पिवळा कार्डिगन, धुतलेला, कोपराला नवीन लोकर घातलेली.

तर असं झालं सगळं. वह्या मी परवाच सोपवून टाकल्या. आता सकाळी उठतो, वही उघडायला हात जातो आणि लक्षात येतं की बावीस लिहायला वहीच नाही. बाकी मजेत आहे. भावोजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव, ज्याला वास येतो तेच लाव, तुझ्या घरी कुणी काही म्हणणार नाही.

तुझा,
बारक्या

ता. क. एक छोटंसं काम होतं. बेकरी अजून चालू आहे का? सहज विचारतोय, शास्त्रीय कुतूहल म्हणून. संध्याकाळी मागच्या खोलीत गेलीस तर त्या भिंतीला तळहात लावून बघ आणि कळव. चौकोन अर्थात रंगाखाली गेला असेल, पण जागा तुझ्या हाताला आठवेल.

दुसरा ता. क. राहण्याची सोय झाली आहे असं मी वर लिहिलं, ते खोटं आहे. एक खोली बघितली होती, पण तिथला मालक प्राण्यांना नाही म्हणतो. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा मला काही नको, मी जिथे आहे तिथे सुखी आहे, असं मीच मोठ्या तोंडाने लिहून दिलं होतं, आणि आता मागायला मला जड जातंय, म्हणून एवढे कागद भरले. मागची खोली मला देशील का ताई? भावोजींच्या सायकलीचे सुटे भाग तिथे असतात हे माहीत आहे. ते हलवायला नकोत, मी त्यांच्यामधे झोपेन.

तिसरा ता. क. भावोजींना हे तू तुझ्या पद्धतीने सांग. कानतुटक्याला एकट्याला करमेना म्हणून सोबतीला एक वयस्क मादी आणली होती. तो नापास झालेला, दोनदा, साहेबांच्या सहीनिशी, म्हणून मी निर्धास्त होतो. काल सकाळी अकरा पिल्लं झाली. बाई धावत आल्या, नऊचे दहा केले आणि पिल्लांना बघून टाळ्या पिटत नाचल्या. तेव्हा येणारे आम्ही एकूण चौदा. त्यांचे पिंजरे मी नियमाप्रमाणे भिंतीपासून हातभर लांबच ठेवीन. पण संख्या वाढू नये अशी भावोजींची इच्छा असेल तर त्यावरचा उपाय मला आता तोंडपाठ आहे, पिंजरा तेवढा चौकोनात सरकवायचा. नाहीतर ती जागा मलाच दे. माझ्या बाबतीत आता उबेने काही बिघडण्यासारखं राहिलेलं नाही. आणि दाराच्या त्या फटीला लावायला काळा कागद मी सोबत घेऊन येतोय. तो पन्नास वर्षांपूर्वीच लावायला हवा होता.